मोहाखालचे खुराडे

सागाच्या एका दाट जंगलात, ओढ्याच्या अलीकडच्या काठावर, एक तांबडी कोंबडी राहत असे. ती त्या जंगलात जन्मलेली नव्हती. जंगलातून बाजाराच्या गावाकडे जाणारी एक गाडीवाट होती. त्या वाटेवर एकदा एका व्यापाऱ्याची बैलगाडी कलंडली, कोंबड्यांची डालगी फुटली आणि आतल्या कोंबड्या दिसेल तिकडे पळाल्या. बहुतेकींना कोल्ह्याने त्याच दिवशी गाठले. उरली ती ही तांबडी आणि तिच्यामागे धावत आलेल्या सहा तलंगा. तलंग म्हणजे अजून अंड्यावर न आलेली कोवळी कोंबडी. या सहाजणींची आई कोण होती, हे त्यांना स्वतःलाही ठाऊक नव्हते. तांबडीच्या मागे धावल्या म्हणून त्या तिच्या झाल्या, एवढेच.

ती पहिली रात्र त्यांनी करवंदीच्या जाळीत एकमेकींना चिकटून काढली. सकाळी पाहिले, तर कडेला बसलेली एक तलंग नव्हती. जाळीच्या काट्यांना तिची दोन पिसे तेवढी अडकली होती.

वरच्या फांदीवरून साळुंकी हे सारे बघत होती. ती म्हणाली, "अगं, जमिनीवर कशाला झोपता? आमच्यासारखं झाडावर बसावं."

कोंबडीने आपला पंख पसरून दाखवला. गाडीत घालण्याआधी व्यापाऱ्याने सगळ्यांची लांब पिसे छाटली होती. "नवी पिसं यायला पावसाळा उलटेल," ती म्हणाली. "तोवर कोल्हा उपाशी बसेल का?"

"मग काय करशील?"

"घर बांधीन."

"कोंबडीनं घर बांधल्याचं मी तर कधी ऐकलं नाही."

"मीही नाही," कोंबडी म्हणाली आणि जागा शोधायला निघाली.

ओढ्याच्या काठची जमीन मऊ होती, पण तिथे पाय टाकला की पाणी वर येई. टेकाडाच्या माथ्यावर वारा टिकू देत नसे. शेवटी तिला एका जुन्या मोहाच्या झाडाखाली थोडी उंच, सपाट, कोरडी जागा सापडली. तिथे तिने काटक्या गोळा करून उभ्या केल्या आणि त्यांवर पाने पसरली. दुपारी वाऱ्याची एक झुळूक आली आणि घर तलंगांच्या अंगावर कोसळले. काबऱ्या पिसांची सगळ्यांत थोरली तलंग पानांतून डोके बाहेर काढून म्हणाली, "आई, हे घर आपल्याला राखणार की आपण घराला?"

बाकीच्या हसल्या. कोंबडी हसली नाही आणि रागावलीही नाही. तिला एवढे कळले, की आपल्याला बांधता येत नाही, आणि ज्याला येते त्याला विचारायला हवे. त्या संध्याकाळी तिने पाचही तलंगांना एका पोकळ ओंडक्यात बसवले आणि ओंडक्याच्या तोंडाशी स्वतः बसली. पुढे घर पुरे होईपर्यंत तिची बसायची जागा तीच होती.

बांबूच्या बेटाखाली एक घूस राहत असे. ती फार बोलत नसे, आणि बोलली तर गोड बोलत नसे. कोंबडीने तिला मोहाखाली आणले आणि म्हणाली, "घूसमावशी, इथं घर बांधायचंय. भिंत किती उंच घेऊ?"

घुशीने वर पाहिलेच नाही. तिने माती हुंगली आणि म्हणाली, "उंचीचं नंतर बघू. खोल किती घेणार ते सांग."

"खोल कशाला?"

"कोल्हा भिंत चढत बसत नाही. तो उकरतो. मुंगूसही उकरतं. मीही उकरते. तू घर पुढून बघतेस, आम्ही खालून बघतो."

मग घुशीने चारही बाजूंनी खोल चर खणून दिला. त्यात भरायला ओढ्यातले दगड हवे होते. कोंबडीला ना हात, ना पाठीवर ओझे घ्यायची सवय. तिने एक चपटा दगड पायाने उलटला, छातीने ढकलला, पुन्हा उलटला. ओढ्यापासून मोहापर्यंत तो दगड आणायला तिची सकाळ गेली. तो चरात टाकून ती लगेच दुसऱ्यासाठी परत निघाली. तलंगा काही वेळ बघत उभ्या राहिल्या. मग काबरी गेली, तिच्यामागे बाकीच्या गेल्या, आणि सगळ्यांत धाकटी पांढरी तलंग आपल्या बेताचे खडे चोचीत धरून आणू लागली. त्या खड्यांचा उपयोग मोठ्या दगडांमधल्या फटी भरायला झाला.

भिंतींसाठी कारवीच्या काठ्या लागणार होत्या. त्या तोडायचे काम सुतारपक्ष्याचे. तो कामाला पक्का होता, पण फुकट चोच उचलणाऱ्यांतला नव्हता.

"मला काय देशील?" त्याने विचारले.

"कुजलेल्या ओंडक्यांखालच्या अळ्या. तू वरून टोचतोस, तुला खालच्या मिळत नाहीत. आम्ही उकरून काढू."

सुतारपक्ष्याने क्षणभर विचार केला. "जाड्या अळ्या?"

"जाड्या."

सौदा ठरला. तो काठ्या तोडून पाडी, तलंगा त्या ओढत आणीत आणि कोंबडी त्या दगडांमध्ये रोवून शेजारी शेजारी उभ्या करी. मग वेलींनी बांधून कूड तयार झाला. वारुळाची माती आणि ओढ्याकाठचा चिकट चिखल एकत्र करून साऱ्याजणींनी तो पायांनी तुडवला. कोंबडीने तो पंखांनी थापला आणि छातीने सारवला. काही दिवसांत ती तांबडी आहे हे ओळखू येईना. वर सागाची पाने आणि त्यांवर गवताचा जाड थर टाकला. आत झोपायला एक आडवी दांडी बसवली आणि कोपऱ्यात अंड्यांसाठी सुक्या गवताची जागा केली.

घर उभे राहिले, तेव्हा सगळ्या जंगलातले पक्षी बघायला आले. मोराने मान डोलावली. साळुंकी म्हणाली, "छानच झालंय की."

कोंबडी घुशीला म्हणाली, "मावशी, आता तू आत येऊन दाखव."

घूस तीन बाजूंनी उकरून दमली आणि मागे फिरली. चौथ्या बाजूला मात्र ती जमिनीत शिरली ती थेट घराच्या मध्यभागी वर आली. त्या बाजूचे दगड काबरीने लावले होते. शेवटी शेवटी कंटाळून तिने ते नुसते टाकले होते, बसवले नव्हते.

"एवढीशी तर फट होती," काबरी म्हणाली.

"मी त्यातून आले," घूस म्हणाली.

कोंबडीने त्या बाजूची भिंत पाडायला घेतली. साळुंकीने वरून विचारले, "सगळी भिंत? बाकीच्या तीन चांगल्या आहेत ना?"

"कोल्हा त्या तिन्हींतून येणार नाही. तो हिच्यातून येईल," कोंबडी म्हणाली. तिने दगड काढले, काबरीला शेजारी उभे केले आणि दोघींनी मिळून एकेक दगड नीट बसवला. पुन्हा काठ्या रोवल्या, पुन्हा चिखल थापला. घूस पुन्हा आली, चारही बाजूंनी उकरून पाहिले आणि काही न बोलता निघून गेली. घुशीच्या तोंडून याहून मोठी शाबासकी कोणाला मिळाली नव्हती.

शेवटी सुतारपक्ष्याने कारवीचीच एक घट्ट ताटी विणून दारात बसवली. आतल्या बाजूला दोन खाचा करून त्यांत सरकणारा एक अडसर घातला. "ताटी मी केली," तो म्हणाला. "ती लावायचं काम तुझं."

त्या दिवसापासून मोहाखाली एक रीत सुरू झाली. ऊन सागाच्या शेंड्यांवर गेले, की कोंबडी दारात उभी राहून हाक घाली. तलंगा कुठेही चरत असोत, हाक ऐकून येत. एकेक करून पाचहीजणी आत गेल्या, की सगळ्यांच्या मागून ती स्वतः शिरे, चोचीने अडसर सरकवी आणि छातीने ताटीवर एक धक्का देऊन बघे. ताटी हलली नाही, की मगच ती दांडीवर चढे. पाऊस असो, थंडी असो, यात बदल होत नसे. काबरी कधी कुरकुर करी, "आई, कालच तर बघितलंस, ती घट्ट आहे."

"कालची ताटी काल घट्ट होती," कोंबडी म्हणे.

कोल्हा आला नाही असे नव्हते. तो पहिल्याच आठवड्यात आला. त्याने चारही बाजूंनी उकरले आणि दगडांवर नखे बोथट करून घेतली. दुसऱ्या खेपेला त्याने छपरावर चढायचा प्रयत्न केला आणि गवतावरून घसरून पडला. तिसऱ्या खेपेला त्याने भिंतीला हातही लावला नाही. करवंदीच्या जाळीआड बसून तो नुसता दाराकडे बघत राहिला.

साळुंकीने विचारले, "कोल्होबा, भिंत पक्की आहे ना? मग दुसरीकडे जा की."

"जाणारच आहे," कोल्हा म्हणाला. "मला घाई नाही. भिंतीला कंटाळा येत नाही, पण आत राहणाऱ्यांना येतो."

असे म्हणून तो गेला आणि पुष्कळ दिवस दिसला नाही. साळुंकीने बातमी आणली, की तो ओढ्यापलीकडे असतो आणि तिकडे सशांची चंगळ आहे. बातमी खरी होती. साळुंकी खोटे बोलणारी नव्हती. मात्र कोल्हा अधूनमधून संध्याकाळी ओढा ओलांडून येतो, दाराकडे एक नजर टाकतो आणि परत जातो, हे तिने पाहिले नव्हते. त्या वेळी ती घरट्यात गेलेली असे.

दिवस बरे चालले होते. तलंगा भरल्या. एक रानकोंबडा मोहाच्या आसपास फिरू लागला आणि कोंबडीशी त्याची सोयरीक जमली. तो झाडावर झोपे, पण सकाळ त्यांच्याबरोबर काढी. उन्हाळा लागला तेव्हा कोंबडीची अंडी पुरी झाली. ती खुडूक झाली आणि कोपऱ्यातल्या गवतात उबवायला बसली. उबवणारी कोंबडी अंड्यांवरून उठत नाही. दाणा टिपायला उठली तरी घाईने परत येते. म्हणून तिने काबरीला जवळ बोलावले.

"आजपासून हाक तू घालायची, ताटी तू लावायची."

"लावीन," काबरी म्हणाली. पहिल्या संध्याकाळी तिने अडसर सरकवला, छातीने धक्का दिला आणि आईकडे बघितले. कोंबडीने मान हलवली. असे बरेच दिवस गेले. काबरी चुकली नाही.

मग वैशाखातले ते काही दिवस आले. हवा हलेना. दिवसभर तापलेल्या मातीच्या भिंती संध्याकाळी आत धग सोडीत. तलंगा दांडीवर चोची उघड्या टाकून धापा टाकीत बसत. पांढरीला तर उभे राहवेना.

अशा एका संध्याकाळी सगळ्या आत आल्यावर काबरी ताटीजवळ थांबली. "आई, जीव घुसमटतोय सगळ्यांचा. जरा वेळ ताटी उघडी ठेवते. थोडं गार झालं की लावते."

कोंबडी अंड्यांवर बसली होती. खाली अंड्यांची ऊब, वर छपराची धग. नाही म्हणायला तिने मान उचलली. तेवढ्यात उघड्या दारातून वाऱ्याची एक झुळूक आली आणि तिच्या मानेला लागली. किती दिवसांनी तिला बरे वाटले. कोल्हा तर ओढ्यापलीकडे होता. ती काही बोलली नाही. तिने डोळे मिटले.

ओढ्याकडून आलेला कोल्हा जाळीपाशी थांबला आणि त्याने रोजच्यासारखी दाराकडे नजर टाकली. आज तो परत गेला नाही.

तो आत शिरला तेव्हा पांढरी दाराजवळ होती. वारा तिथेच लागत होता म्हणून ती तिथे बसली होती. तिला ओरडायलाही वेळ मिळाला नाही. बाकीच्या दांडीवरून खाली पडल्या, एकमेकींवर आदळल्या. कोंबडी अंड्यांवरून उठली ती सरळ कोल्ह्याच्या तोंडावर गेली. तिने त्याच्या डोळ्यांवर चोच मारली, पंखांनी थोबाड झोडपले. कोल्ह्याने झटका दिला, तेव्हा तिचा एक पाय त्याच्या दातांखाली सापडला. पण डोळा वाचवायला त्याला मागे हटावे लागले. पांढरीला तोंडात धरून तो बाहेर पडला आणि ओढ्याकडे पळाला. दुसऱ्यांदा यायला त्याला वेळ मिळाला नाही, कारण काबरीने ताटी ओढली होती आणि अडसर सरकवला होता.

सकाळी जंगलातले पक्षी पुन्हा मोहाभोवती जमले. आत काही अंडी फुटली होती. पांढरीची जागा दांडीवर रिकामी होती. साळुंकी हळहळली. "एवढे कष्ट केलेस आणि शेवटी कोल्हा आलाच. कशाला हवं होतं हे घर?"

लंगडत लंगडत कोंबडीने घराला एक फेरी मारली. भिंती जशाच्या तशा होत्या. त्यांच्याखालचा एक दगडही हलला नव्हता.

सुतारपक्षी दाराशी येऊन अपराध्यासारखा उभा राहिला. "माझी ताटी मोडली का?"

"नाही. ताटी चांगली आहे. अडसरही चांगला आहे. आम्ही तो लावला नव्हता." मग ती म्हणाली, "आत हवा येत नाही, म्हणून दार उघडं राहिलं. वर छपराखाली भोकं पाडून देशील? वारा येईल एवढी, पण मुंगसाचं डोकं शिरणार नाही एवढीच."

सुतारपक्ष्याने त्या दिवशी अळ्या मागितल्या नाहीत. तो लगेच कामाला लागला. कोंबडी एका पायावर तोल सावरत फुटलेली अंडी बाहेर काढू लागली आणि उरलेली गवतात नीट मांडू लागली.

काबरी कुठे दिसेना. दुपारी कोंबडीने अंडी दुसऱ्या तलंगेच्या उबेत दिली आणि ती शोधायला निघाली. काबरी ओढ्याच्या काठी, पाण्याकडे तोंड करून बसली होती.

"मी येत नाही घरी," ती मागे न बघता म्हणाली. "पांढरी माझ्यामुळं गेली. मी तिथं राहायच्या लायकीची नाही."

कोंबडी तिच्याशेजारी बसली. दुखरा पाय तिने लांब केला. "तू मला विचारलं होतंस," ती म्हणाली.

"तू हो म्हणाली नव्हतीस."

"नाहीही म्हणाले नव्हते. वारा मलाही लागला होता. बरं वाटलं, म्हणून मी गप्प बसले."

पाण्यावरून एक खंड्या सूर मारून गेला. ऊन हळूहळू काठावरून सरकले आणि सागाच्या शेंड्यांकडे चढू लागले.

"आता तू दुसरीला सांग," काबरी म्हणाली. "ताटी लावायचं काम."

"नाही. ते तुझंच आहे."

"आणि पुन्हा चुकले तर?"

"चुकशील म्हणून सोडून दिलंस, तर रोजच चुकशील." कोंबडी उठली. "तिघी तिकडं एकट्या आहेत आणि ऊन शेंड्यावर गेलंय. मला या पायानं तुझ्यासारखं भरभर चालवणार नाही. तू पुढं हो. हाक घाल."

काबरी उठली आणि निघाली. मोहापाशी पोहोचून तिने हाक घातली. बाहेरच्या तलंगा आत गेल्या. मागून कोंबडी लंगडत आली आणि अंड्यांवर बसली. काबरीने अडसर सरकवला. तिने छातीने ताटीवर धक्का दिला, मग पुन्हा एकदा दिला. छपराखालच्या नव्या भोकांतून थोडा वारा आत येत होता.

कोल्हा त्याच संध्याकाळी आला. एकदा मिळाले तिथे पुन्हा मिळेल, असे त्याला वाटले. त्याने ताटीला खांदा लावला. आत दांडीवर कोणी हलले नाही. काबरी मात्र दाराला छाती लावून उभी राहिली आणि त्याची पावले दूर जाईपर्यंत तिथून हटली नाही.

उरलेल्या अंड्यांतून पिल्ले निघाली. त्यांतली दोन पांढरी होती. ती घरभर पळत, दगडांवर चढत आणि काबरीच्या पायांत घुटमळत. कोल्हा दुसऱ्या दिवशी आला, चौथ्या दिवशी आला, मग मध्येच केव्हातरी आला. पुढे पाऊस लागला, ओढ्याला पूर आला आणि साळुंकीने येऊन सांगितले, "आता कोल्हा इकडं फिरकायचा नाही. तो फार दूर गेला म्हणतात."

"गेला असेल," काबरी म्हणाली.

तो खरोखर गेला होता की नाही, हे बघायला मोहाखालून कोणी गेले नाही. ऊन शेंड्यांवर गेले, तेव्हा काबरीने हाक घातली, सगळ्यांना आत घेतले आणि ताटी लावली.

तात्पर्य : भिंत एकदा बांधून होते, दार मात्र रोज लावावे लागते. आणि एके दिवशी ते लावायचे राहिले, तर घर मोडून टाकू नये. त्याच संध्याकाळी उठून दार लावावे.